रुद्राप्पा पैलवानांच्या हौद्यातला दगड

७ जानेवारी २००३, मंगळवार

आज शपथ घेतली. देवासमोर नाही, देव असल्या कामांत पडत नाहीत. ऑफिसच्या कपाटासमोर घेतली.

कारण असं. सकाळी साडेअकराला संग्रहालयात ग्रॅनाइटचा नवा बोर्ड बसवला. अध्यक्ष शशिधर हत्तरगी स्वतः कागल एमआयडीसीतल्या फॅक्टरीतून चार कामगार घेऊन आले. बोर्डावर सोनेरी अक्षरांत: 'याच हौद्यात पै. रुद्राप्पा हत्तरगी यांनी ५ एप्रिल १९३१ रोजी गणपत मगदूम यास एका मिनिटात आसमान दाखवले.'

रुद्राप्पा म्हणजे शशिधरचे आजोबा. गणपत मगदूम म्हणजे माझे.

१९८९ साली मी इथे लागलो तेव्हा पत्र्याच्या बोर्डावर तीन मिनिटं होती. शहाण्णव साली रंग दिला, तेव्हा दोन झाली. आता एक. याच रेटने माझ्या रिटायरमेंटपर्यंत आजोबा हौद्यात उतरायच्या आधीच पडलेले असतील.

हे रुद्राप्पा पैलवानांचं राहतं घर. त्यांची गदा, फेटे, बदाम वाटायचा दगडी खल, पलंग आणि परसात कुस्तीचा खाजगी हौदा. मी क्युरेटर, गाइड आणि तिकीटवाला. चौदा वर्षं रोज पब्लिकला हा बोर्ड वाचून दाखवतो. 'मिनिटांत' आलं की खोकतो. लोकांना वाटतं मी नोकरी करतो. खरं म्हणजे मी शत्रूच्या घरात शिरून संधीची वाट बघतोय. (बँकेच्या परीक्षेत तीनदा नापास झालो म्हणून शशिधरच्या वडिलांनी चिकटवून घेतलं, असं सौ. म्हणते. तिला डावपेच कळत नाहीत.)

खरी गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. हौद्याच्या मातीत दगड पुरला होता. आजोबांचा पाय त्यावर पडला, मुरगळला, आणि रुद्राप्पानं डाव साधला. आजोबा जन्मभर उजवा पाय ओढत चालले. मरेपर्यंत सांगत होते, दगड हुता.

निश्चय: १) दगड सिद्ध करायचा. २) ग्रॅनाइट उतरवायचं. ३) शशिधरनं सर्वांसमक्ष माफी मागायची. ४) रोज डायरी लिहायची.

१४ जानेवारी, संक्रांत

सात दिवस डायरी राहिली. सर्दी.

शशिधर तिळगूळ घेऊन ऑफिसात आले. गोड बोला म्हणाले. मी हसलो. आतून नाही. दोन लाडू खाल्ले, शत्रूचं तेवढंच कमी.

मग त्यांनी एक पत्र दाखवलं आणि माझ्या हातातला तिसरा लाडू तसाच राहिला. पुण्याहून पुरातत्त्ववाल्या डॉक्टर येणार. घराच्या आवारात खोदकाम करून रुद्राप्पांच्या काळातलं जगणं शोधायचं आणि त्यावरून संग्रहालय नव्यानं मांडायचं. शशिधर म्हणाले, आमच्या आजोबांचा खरा इतिहास आता जमिनीतनं वर येणार.

येणारच. मी वर आणणार.

२८ जानेवारी

डॉ. मेहमुदा मुल्ला आल्या. हॅट, भिंग वगैरे अपेक्षा होती. रिक्षातून दोन ट्रंका घेऊन उतरल्या, सलवार गुडघ्यावर मातीनं विटलेली. वय पस्तिसेक. इचलकरंजीच्या. वडील माग चालवायचे, त्यामुळे मागाच्या आवाजावर मात करून बोलायची घरादाराला सवय असावी. मला पहिल्या मिनिटाला काका केलं.

त्यांना घर दाखवलं, बोर्ड वाचला, खोकलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, उकिरडा कुठं हुता? मी म्हटलं, गदा बघा, साठ किलोची आहे. त्या म्हणाल्या, गदा लोकांना दाखवायची असती. उकिरडा कुणी कुणाला दाखवत न्हाय, म्हणून त्यो खोटं बोलत न्हाय.

त्यांना परसातला उकिरडा आणि बुजत आलेली जुनी विहीर खोदायची आहे. हौद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिकलेल्या माणसांचं हेच.

३ फेब्रुवारी, सोमवार. सुट्टी

ऑपरेशन हौदा. विहिरीत नाग आहे असं मेहमुदाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, उंदीर नसतील. विहिरीत एक बाई पडली होती असं सांगितलं. त्यांनी साल विचारून वहीत लिहून घेतलं.

शेवटी शशिधरलाच धरलं. म्हटलं, साहेब, तुमच्या आजोबांचा घाम ज्या मातीत जिरला ती सोडून उकिरडा खणायचा? शशिधरचे डोळे भरून आले. फोन उचलून त्यांनी मेहमुदाबाईंना हौद्यापासून सुरुवात करायला सांगितलं.

रुद्राप्पाचा नातू स्वतःच्या हातानं रुद्राप्पाची कबर खणायला परवानगी देतो, याला म्हणतात डाव. सौ.ला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. गुप्तता.

(संध्याकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, दगड घावला तर काय करणार, डोक्यावर घेऊन नाचणार व्हय?)

१० फेब्रुवारी

सुट्टीच्या दिवशी खोदकाम सुरू. हौद्याचे दोऱ्यांनी चौकोन केले. एक चौकोन, एक ब्रश, एक डबडं. मला वाटलं होतं तासाभरात दगड हातात. दिवसभरात दोन इंच. विचारलं, फावडं का नाही? म्हणाल्या, घाई असलेल्या माणसानं ह्यात पडू नये. बहात्तर वर्षं थांबलोय, घाई कसली. पण फावडं असतं तर बरं झालं असतं.

मी स्वतंत्र रजिस्टर उघडलं आहे. शीर्षक: संशयित.

१७ फेब्रुवारी

संशयितांची संख्या ४१. प्रत्येकाचं वजन, लांबी, टोकदारपणा. क्र. १७ बघताक्षणी खटकला. चेहराच गुन्हेगाराचा. दुपारी कुणी नसताना क्र. १७ मातीत अर्धा पुरला, आजोबांसारखा पवित्रा घेतला आणि वेगात पाय टाकला.

पाय मुरगळला. उजवाच.

पुरावा पक्का झाला. आनंद शब्दांत सांगता येत नाही, पाय जमिनीला टेकवता येत नाही. सौ.नं हळद लावली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. मी मनात ग्रॅनाइट उतरवत होतो.

२४ फेब्रुवारी

विश्वासघात.

लंगडत हौद्याकडे गेलो तर मेहमुदाबाई कपाळाला हात लावून बसलेल्या. सगळ्यात खालच्या थरात, जिथे १९३१ साल असायला हवं, तिथे १९७५चं पाच पैशाचं नाणं आणि सोड्याच्या बाटलीचं टोपण निघालं. म्हणाल्या, ह्या हौद्याला थरच न्हाईत, काका. सगळं एकात एक.

पलीकडच्या तालमीतले हंबीरराव वस्ताद काठी टेकत बघायला आले होते. वय चौऱ्याऐंशी, कान अजून तुटके आणि टणक. त्यांनी बाईंना सांगितलं, हौद्याची माती रोज सकाळी उकरत्यात, चाळत्यात, ताक, तेल, हळद घालून मळत्यात. त्यात खडा ऱ्हाईल व्हय? पोरांच्या पाठी फुटतील की. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पैलवानाचा नातू न्हवं तू? एवढं ठावं न्हाय?

मी कधी हौद्यात उतरलो नाही. लहानपणापासून पाठ नाजूक आहे. हा गुन्हा नाही.

मी म्हटलं, पण एकेचाळीस दगड निघालेत की. मेहमुदाबाईंनी विचारलं, ही माती कुठनं आली? मी म्हटलं, आली म्हणजे काय, इथलीच. तेवढ्यात शशिधर जुनी फाइल घेऊन आले. संग्रहालयाच्या उद्‌घाटनाला हौदा मोकळा दिसत होता म्हणून पन्हाळ्याच्या बाजूनं दोन ट्रक लाल माती आणली होती. २ नोव्हेंबर १९८९. चलनावर सही: कृ. ग. मगदूम.

सही माझीच आहे. पोटाशी दोन मोठ्या वेलांट्या असतात, त्या आहेत.

क्र. १७ला परसातल्या फणसाखाली टाकलं. त्याच्याकडे बघवत नाही.

२ मार्च

मेहमुदाबाईंचा सूड घ्यायचा. हौद्याला थर नाहीत म्हणे. ज्यांना थर सापडत नाहीत त्यांनी या लाइनीत यावं कशाला? त्यांच्या पुण्याच्या संस्थेला निनावी पत्र धाडलं. 'एक सजग कोल्हापूरकर' अशी सही. भाषा कडक ठेवली.

४ मार्च

लक्षात आलं, पत्र संग्रहालयाच्या लेटरहेडवर टाइप केलं होतं. पोस्टात चौकशी केली. थैली कालच गेली म्हणाले.

११ मार्च

मेहमुदाबाईंनी चहा घेता घेता सांगितलं, काका, तुमचं पत्र पोचलं. संस्थेतले लोक वाचून हसले, फाइलला लावलं. मग त्यांनी माझ्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवलं. या अपमानाचा हिशेब वेगळा ठेवला आहे.

पण आज एक विचार आला आणि मी खुर्चीतून उठलोच. रुद्राप्पा इतका मूर्ख होता का, की कुस्ती संपल्यावर दगड हौद्यात ठेवेल? पाच पावलांवर विहीर. टाकला असणार विहिरीत. मी महिनाभर चुकीच्या जागी, आणि तेही बाईंच्या ब्रशच्या नादानं, वेळ घालवला.

विहीर खोदाच म्हणून आग्रह धरला. बाई म्हणाल्या, मी तेच म्हणत हुतो की जानेवारीपास्नं. बायका असं क्रेडिट घेतात.

२१ मार्च

विहीर उपसली. मौलाली नावाचा विहिरी साफ करणारा गडी इचलकरंजीहून बाईंनी आणला, तो कमरेला दोर बांधून उतरतो आणि गाळ बादलीतून वर देतो. नाग निघाला नाही.

आतापर्यंत: काचेच्या बांगड्यांचे तुकडे, औषधाच्या बाटल्या, कपांचे कान, लाकडी खेळण्यातला बैल, बायकांच्या फण्या. बाई प्रत्येक फणीवर पाच मिनिटं बोलतात. या घरात पैलवानाशिवाय अकरा माणसं राहत होती, त्यांची एक वस्तू तुमच्या संग्रहालयात हाय का, असं शशिधरला विचारलं. शशिधरला पैलवानाशिवाय कुणी आठवेना.

उकिरड्यातही खणलंय. आणि आज माझ्या जिवाला थंडावा मिळाला. रुद्राप्पा रोज शंभर बदाम खायचे, अशी पाटी खलाजवळ आहे. उकिरड्यात बदामाची टरफलं जेमतेम मूठभर. बाकी सगळी जळकी टरफलं शेंगदाण्याची. थरच्या थर. बाई म्हणाल्या, पैलवान शेंगा खात हुता, आणि टरफलं न्हाणीच्या चुलीला घालत हुती.

शशिधरचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी दुपारी बघायला आलेल्या इंग्रजी शाळेच्या ग्रुपला लगेच सांगून टाकलं: शेंगा. तीनदा सांगितलं. एका सरांनी विचारलं, पण शेंगा पौष्टिकच असतात ना? असल्या सरांमुळेच देश मागे आहे.

३ एप्रिल

आज जेवण बाजूला ठेवून लिहितोय.

मौलालीनं दुपारी चारला गाळातून पितळेची चरवी काढली. दूध न्यायची, कडीवाली, दीडेक लिटरची. हिरवीगार गंजलेली, एका बाजूला चेपलेली. बाईंनी ओल्या ब्रशनं पुसलं आणि ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली. आपल्याकडे लग्नाकार्यात भांड्यावर नाव घालतात तशी.

'गणपत मगदूम यांस रुद्राप्पा हत्तरगी यांजकडून भेट.'

पुढं आणखी काही आहे, पण गंजानं झाकलंय.

पुढचं हवं कुणाला? रुद्राप्पानं आजोबांना भेट दिली. का? कारण त्याला कळलं होतं की दगडाच्या जोरावर जिंकलो. मन खात होतं. गुपचूप माफी मागितली. आणि आजोबांनी, मगदुमांचं रक्त ते, ती चरवी त्याच्याच विहिरीत भिरकावली. स्वाभिमान.

दगडाची आता गरजच नाही.

बाई म्हणाल्या, घाई नको, आधी लॅबमध्ये हळूहळू साफ करू, मग बोलू. मी म्हटलं, परवा पाच एप्रिल आहे. कुस्तीची तारीख. शशिधरला फोन करून बोलावलं आणि मीच सांगितलं, हौद्याजवळ छोटा कार्यक्रम करू, चरवीचं अनावरण. शशिधरला वाटलं त्याच्या आजोबांच्या दानशूरपणाचा सत्कार आहे. तयार झाला. दोन पेपरवाल्यांना मीच कळवलं.

४ एप्रिल

चरवी अशी हिरवी कशी ठेवायची पाहुण्यांसमोर? बाई जेवायला गेल्या तेव्हा पिशवीत घालून घरी आणली. सौ. पितळेच्या बाबतीत आमच्या गल्लीत नंबर एक आहे. तिनं रात्रभर भिजवलेली चिंच काढली, वर मीठ आणि राखेनं घासली. तासाभरात भांडं असं झालं की दाढी करावी. अक्षर न् अक्षर चकचकीत. मी वाचत बसलो नाही, भाषणाची तयारी होती. परत नेऊन ठेवली, वर रेशमी फडकं टाकलं.

भाषण तेरा पानांचं झालंय. शशिधर माफी मागताना मी उभं राहायचं की बसायचं, एवढंच ठरायचं आहे.

५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी

पन्नासेक लोक. हंबीरराव वस्ताद पहिल्या खुर्चीत. हलगीवाला बोलावला होता, तो लवकर आल्यानं दोनदा वाजवून झाली.

मी दुसऱ्या पानावर होतो. दगडापर्यंत आलो होतो. तेवढ्यात शशिधरना राहवलं नाही, त्यांनी उठून फडकं काढलं आणि माइकवर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गणपत मगदूम यांस रुद्राप्पा हत्तरगी यांजकडून भेट. म्हशीसह. पाडवा, ता. २०-३-३१.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मग टाळ्या थांबल्या, कारण हंबीरराव वस्ताद वाजवत नव्हते. ते बोटांवर मोजत होते. मोजून झाल्यावर विचारलं, कुस्ती कवा झाली म्हणालात? शशिधर म्हणाले, पाच एप्रिल. वस्ताद म्हणाले, आन् म्हस दिली वीस मार्चला. म्हंजे पंधरा-सोळा दिस आधी. मग काठी टेकून उठले आणि एकच शब्द बोलले. नुरा.

नुरा म्हणजे कुणी पडायचं ते आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. कोल्हापुरात याच्यापेक्षा वाईट शिवी नाही. ते निघाले तसे पाठोपाठ तालमीतली पोरं निघाली. हलगीवाल्यानं विचारलं, वाजवू का थांबू.

शशिधर माइक धरून तसेच उभे. पेपरवाला मला विचारत होता, म्हशीचं स्पेलिंग इंग्रजीत कसं छापायचं.

मेहमुदाबाईंनी चरवी उचलली, उलटसुलट बघितली. रागावल्या. म्हशीवरून नाही. म्हणाल्या, काका, चिंच लावायला नको हुती. वरचा थरच गेला की. लॅबमध्ये हळूहळू साफ केली असती तर पुढची अक्षरं वाचायला सात-आठ महिने लागले असते.

म्हणजे चिंच लावली नसती तर आजोबा आठ महिने जिंकलेले राहिले असते.

६ एप्रिल

धोंडुबाई आत्याकडे गेलो. आजोबांची धाकटी लेक, आता एकोणऐंशीची, गंगावेशीत मुलाकडे असते. हे सगळं खोटं आहे एवढं तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

आत्या पापड लाटत होती. सांगितलं ते ऐकलं. हात थांबला नाही. म्हणाली, घावली व्हय चरवी? मी तवा सात वर्साची. दोन सालं पाऊस न्हवता, घरात खाणारी सात तोंडं. रुद्राप्पाचा माणूस आला, म्हस सोडून गेला, चरवी ठेवून गेला. बानं रुद्राप्पाला सहज पाडला असता. आख्ख्या गावाला ठावं हुतं.

मी म्हटलं, मग पाडला का नाही? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पापडाकडे बघायला लागलो.

चरवी विहिरीत कुणी टाकली? बानंच. त्याच वाड्यावर रोज दूध घालायला जायचा, त्याच चरवीतनं. नाव वाचायला यायचं न्हाय त्याला, पण ते त्याचंच हाय एवढं ठावं हुतं. एक दिस टाकली आन् मातीच्या मोग्यातनं न्यायला लागला.

आणि पाय? म्हटलं, जन्मभर पाय ओढत चालले ते? आत्या म्हणाली, म्हशीनं दिलता पाय त्याच्या पायावर. धार काढताना. चांगला सुजला हुता महिनाभर, पुढं तसाच ऱ्हायला. दगड-बिगड काय न्हाय. तुझा बाप आन् चुलते शाळंत जायला लागले, पोरं चिडवायची. मग बानं दगड काढला.

त्या म्हशीच्या दुधावर बाबा शिकले, तलाठी झाले. मी बीए झालो. हे आत्यानं सांगितलं नाही, मलाच येताना वाटेत कळलं. चौकात उभा राहिलो. रडू आलं आणि आलं ते आलंच, मागचे रिक्षावाले हॉर्न मारत होते.

निश्चय: आत्याचं वय झालंय, स्मरणशक्तीचा भरवसा नाही. दुसऱ्या कुणाला विचारायचं.

दुसरं कुणी जिवंत नाही.

२३ मे

दीड महिना डायरी लिहिली नाही. सर्दी नव्हती.

पेपरात चौकट आली होती. शशिधर फॅक्टरीत जायचे बंद झाले, तिथली माणसं म्हशीचा आवाज काढतात म्हणे. आज संध्याकाळी संग्रहालय बंद करताना बघितलं तर विहिरीच्या काठावर बसलेले, मांडीवर चरवी. मी ओळखलं काय चाललंय. मी जाऊन शेजारी बसलो. खरं सांगायचं तर मीही आठ दिवस तोच विचार करत होतो.

शशिधर म्हणाले, मगदूम, तुमच्या आजोबानं म्हस घेतली, पोरांच्या पोटासाठी. आमच्यानं कशासाठी दिली? घरात गूळ मावत न्हवता, मान मावत न्हवता. तरी दिली. मला सांगा, मी आता गदेपुढं हात कसा जोडू?

चौदा वर्षं या माणसाला खाली बघायला लावायचं होतं. आज तो खाली बघत होता. मला काहीच करता आलं नाही. पाणी आणून दिलं.

मग दोघांनी मिळून चरवी विहिरीत टाकायची असं ठरलं. मेहमुदाबाईंनी फोटो काढलेत, रिपोर्ट पुण्याला गेलाय, तिसरी प्रत सरकारकडे. टाकून काही उपयोग नाही हे दोघांनाही माहीत होतं. तरी टाकली. अर्ध्या तासानं मौलालीला फोन करून बोलावलं. बाईंना कळायच्या आत काढायला हवी होती.

बाईंना कळलं.

९ ऑगस्ट

ग्रॅनाइट उतरवलं. निश्चय क्र. २ पूर्ण. चार कामगार तेच. उतरवताना कोपरा तुटला. निश्चय क्र. ३, माफी. ती शशिधरनी मागितली नाही, मीही मागितली नाही. दोघेही गटारीवर झाकण म्हणून ग्रॅनाइट कसं बसेल ते बघत उभे राहिलो.

१८ डिसेंबर

संग्रहालय नव्यानं उघडून महिना झाला. आज इचलकरंजीची शाळा, एकशे बारा पोरं.

मेहमुदाबाईंनी सगळी मांडणी बदलली. गदा कोपऱ्यात. मधोमध फण्या, बांगड्या, लाकडी बैल, शेंगांची टरफलं काचेत. हौद्याजवळ नवा बोर्ड: 'दूध: एका पैलवानाच्या घराचा खुराक आणि त्यावर जगलेली घरं'. दोन्ही आजोबांची नावं सातव्या ओळीत, कुस्ती ठरवून झाल्याचा उल्लेख त्याच्या पुढं, बारीक अक्षरात. वरती सव्वा फुटाचा म्हशीचा फोटो.

मी वाचून दाखवलं. खोकायची जागा सापडली नाही. कुस्तीबद्दल कुणी काही विचारलं नाही. एकाही पोराला कोण जिंकलं हे जाणून घ्यायचं नव्हतं. पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, म्हशीचं नाव काय हुतं? सांगता आलं नाही. पोरं हसली.

संध्याकाळी आत्याला विचारून आलो. चंद्री. सांगताना आत्या पदर डोळ्यांना लावून बसली. म्हणाली, फार मायाळू. डावं शिंग खाली वळलेलं, कुणाला म्हणून मारलं न्हाय कधी.

आमच्या बोर्डावरच्या म्हशीची दोन्ही शिंगं वर आहेत. फोटो शशिधरनी कुठल्या तरी डेअरीच्या कॅलेंडरवरून घेतलाय. तिच्या दुधावर दोन घरं उभी राहिली आणि बोर्डावर भलतीच म्हैस. हे मी चालू देणार नाही.

अर्ज लिहायला घेतला. विषय, चंद्रीच्या चुकीच्या चित्राबाबत. मागण्या तीन. फोटो उतरवावा, नाव ठळक घालावं, अध्यक्षांनी लेखी खुलासा करावा.

आजोबांबद्दल अर्जात काही लिहिलं नाही. मागण्यासारखं सापडलं नाही.